हॅरी पॉटर आता 200 आवाजांत, पण तुमच्या कानातला तो एक आवाज कुणाच्या मालकीचा?

4 नोव्हेंबर 2025 ला ऑडिबलवर हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाची नवी ऑडिओ आवृत्ती आली. नवी म्हणजे 'फुल कास्ट'. प्रत्येक पात्राला वेगळा कलाकार, सगळे मिळून 200 हून जास्त. डम्बलडोर ह्यू लॉरी, स्नेप रिझ अहमद, वोल्डेमॉर्ट मॅथ्यू मॅकफॅडियन आणि मधलं निवेदन कुश जम्बो. शिवाय डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे हेडफोन लावले की घुबड डावीकडून उजवीकडे उडताना ऐकू येणार. उरलेली पुस्तकं साधारण महिन्याला एक, मे 2026 पर्यंत, असं वेळापत्रक जाहीर झालं.

ऐकायला भारी वाटतं, आहेही. पण ज्यांनी ही मालिका आधी ऐकली आहे त्यांना विचारून बघा. त्यांच्या डोक्यात हॅग्रिडचा आवाज आधीच पक्का बसलेला असतो. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडेही बहुतेकांच्या कानात तो स्टीफन फ्रायचा आहे, अमेरिकेत जिम डेलचा. सातही पुस्तकं एकट्या माणसाने वाचली, पात्रं शेकड्याने, आणि ऐकणाऱ्याला 'आता कोण बोलतंय' हा प्रश्न क्वचितच पडला.

एकाच पुस्तकाला दोन देशांत दोन निवेदक का? कारण हक्क देशानुसार विकले जातात. तुमचं खातं कुठल्या देशाचं आहे त्यावर तुम्हाला कुठला आवाज मिळतो ते ठरतं. अमेरिकेतला भाऊ 'जिम डेलच बेस्ट' म्हणतो आणि तुम्ही 'फ्रायला तोड नाही' म्हणता, यात आवडीनिवडीपेक्षा करारांचा वाटा जास्त आहे!

फँटसीतच हे एवढं का चालतं?

कारण फँटसी मालिका लांबलचक असतात. जॉर्ज आर. आर. मार्टिनचं 'अ गेम ऑफ थ्रोन्स' ऐकायला सुमारे 34 तास लागतात. ब्रँडन सँडरसनचं 'विंड अँड ट्रुथ' 60 तासांच्या वर जातं. ऑडिबलचा हिशोब क्रेडिटवर चालतो: महिन्याला एक क्रेडिट, एका क्रेडिटला एक पुस्तक. मग ते पुस्तक 4 तासांचं असो की 60 तासांचं. नोव्हेंबर 2018 मध्ये ऑडिबल भारतात आलं तेव्हा महिन्याचा दर 199 रुपये होता. त्या हिशोबाने 60 तासांचं पुस्तक म्हणजे तासाला साडेतीन रुपयेही नाहीत. लोकल किंवा एसटीने रोज दोन तास घालवणाऱ्याला याहून स्वस्त करमणूक सापडणं कठीण.

स्टोरेजचंही सांगतो, कारण फोन भरला की पहिली कुऱ्हाड ऑडिओवर पडते. साधारण 64 केबीपीएसच्या दर्जाला एक तासाचा ऑडिओ सुमारे 29 एमबी होतो. 34 तासांचं पुस्तक एक जीबीच्या आत बसतं, 60 तासांचं पावणेदोन जीबीपर्यंत जातं. अ‍ॅटमॉसवाली फाइल अर्थातच जड. वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा, बोगद्यात अडकायचं नसेल तर.

आणि ते 1.25x, 1.5x बटण? जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट जोरात फिरवली की आवाज चिरका व्हायचा. आता तसं होत नाही, कारण अ‍ॅप आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचे बारीक तुकडे पाडतं, त्यातले काही गाळतं आणि उरलेले एकमेकांवर थोडे चढवून जोडतं. स्वराची पट्टी तीच राहते, वेळ कमी होतो. 34 तासांचं पुस्तक दीडपट वेगाने 22 तास 40 मिनिटांत संपतं. मात्र चांगला निवेदक जिथे मुद्दाम थांबतो ती जागाही आक्रसते. कुणाचं मुंडकं उडतंय त्या प्रसंगाला तरी वेग 1x वर आणा.

आवाज बदलला की काय होतं

'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चे निवेदक रॉय डोट्रिस हे ब्रिटिश रंगभूमीचे जुने नट. 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये त्यांनी 224 पात्रांना वेगळे आवाज दिले आणि गिनीज बुकात नोंद झाली. चौथ्या पुस्तकाच्या वेळी ते उपलब्ध नव्हते, म्हणून ते जॉन ली यांनी वाचलं. चाहत्यांना तो बदल पचला नाही, आणि पुढे डोट्रिस यांनी तेही पुस्तक पुन्हा रेकॉर्ड केलं. गंमत म्हणजे इतक्या वर्षांनी परतल्यावर खुद्द डोट्रिस यांचेच उच्चार बदलले होते. पाचव्या पुस्तकात डेनेरिसचा आवाज ऐकून 'ही कोण म्हातारी?' असा प्रश्न पडलेले लोक आजही भेटतात. मीही त्यातलाच.

डोट्रिस 2017 मध्ये गेले. सहावं पुस्तक तर अजून यायचंच आहे. ते येईल तेव्हा वाचणार कोण? दहा वर्षांपूर्वी याचं उत्तर सरळ होतं: दुसरा कुणीतरी. आज तिसरा पर्याय तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. डोट्रिस यांचं दीडशे तासांहून जास्त रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, आणि एआयला आवाजाची नक्कल करायला एवढं तर फारच झालं.

ही कल्पनेची भरारी नाही. सप्टेंबर 2023 मध्ये लंडनच्या कॉगएक्स महोत्सवात स्टीफन फ्रायने लोकांना एक क्लिप ऐकवली. एका ऐतिहासिक माहितीपटाचं निवेदन, आवाज त्याचाच. पण त्याने ते वाक्य कधी उच्चारलंच नव्हतं. त्याच्या म्हणण्यानुसार हॅरी पॉटरच्या सात ऑडिओबुक्सवरून कुणीतरी एआयला त्याचा आवाज शिकवला होता. परवानगी नाही, पैसे नाहीत, साधं कळवणंसुद्धा नाही.

थोडा विचार करा, नेमकी ऑडिओबुक्सच का सापडली? सिनेमातला संवाद घेतला तर मागे संगीत असतं, गाड्यांचे आवाज असतात, दुसरा नट मध्येच बोलतो. ऑडिओबुक म्हणजे बंद खोलीत, चांगल्या माइकसमोर, एकाच माणसाचा शेकडो तासांचा स्वच्छ आवाज, त्यात राग, रडू, कुजबुज, सगळे भाव. आणि सोबत कुठल्या क्षणी नेमका कुठला शब्द उच्चारला त्याची छापील प्रतही तयार, म्हणजे पुस्तकच. मशीनला शिकवायला याहून सोयीचा मालमसाला मिळणं अवघड. ज्या गुणामुळे आपण तो निवेदक डोक्यावर घेतो, त्याच गुणामुळे त्याची नक्कल सोपी होते.

आपल्याकडे हा प्रश्न कोर्टात पोचला आहे, गायकांच्या निमित्ताने. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं, आणि 2025 मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. पण ही मोठी माणसं. त्यांचा आवाज दोन ओळींत ओळखू येतो आणि वकील लावायची ऐपत असते. मराठीत कादंबऱ्या वाचून महिन्याचा खर्च चालवणाऱ्या निवेदकाचा आवाज उचलला गेला तर तो कुठे दाद मागणार? बहुतेक वेळा त्याला पत्ताही लागणार नाही.

पैसा कुणाला किती?

निवेदकाला सहसा 'तयार तासा'प्रमाणे पैसे मिळतात. म्हणजे अंतिम रेकॉर्डिंग दहा तासांचं झालं तर दहा तासांचे. आधी पुस्तक वाचणं, उच्चारांची यादी करणं, चुकलेली वाक्यं पुन्हा म्हणणं हे सगळं त्यातच धरलेलं. पुस्तक पुढे कितीही विकलं तरी अनेकदा त्यात त्याचा वाटा नसतो.

लेखकांची कथाही फार वेगळी नाही. मार्च 2022 मध्ये सँडरसनने चार नव्या कादंबऱ्यांसाठी किकस्टार्टरवर वाचकांकडून 4 कोटी 17 लाख डॉलर उभे केले. मग डिसेंबरमध्ये जाहीर केलं की ही पुस्तकं ऑडिबलवर देणार नाही. कारण? तिथे फक्त त्यांच्याकडेच पुस्तक दिलं तर लेखकाला 40 टक्के, आणि इतरत्रही विकलं तर 25 टक्के. गेम किंवा ई-बुक विकताना बनवणाऱ्याला साधारण 70 टक्के मिळतात, मग इथेच उलटं का, असा त्याचा सवाल होता. त्याने ती पुस्तकं स्पॉटिफाय आणि स्पीचिफायवर दिली. स्वतःला वेगळा, चांगला सौदा पदरात पाडून घेता आला असता, पण भांडण छोट्या लेखकांसाठी होतं. 2024 मध्ये बोलणी होऊन तो परतला आणि ऑडिबलने मानधनाची नवी पद्धत जाहीर केली. एवढा मोठा लेखक दीड वर्ष अडून बसला तेव्हा हे हललं, हे लक्षात घ्या.

आता या चित्रात एआय निवेदन ठेवा. अ‍ॅपलने जानेवारी 2023 मध्ये डिजिटल निवेदन आणलं. ऑडिबलने त्याच वर्षाच्या शेवटी 'व्हर्च्युअल व्हॉइस'ची चाचणी सुरू केली आणि मे 2025 मध्ये प्रकाशकांसाठी 100 हून जास्त एआय आवाज देऊ केले. फेब्रुवारी 2025 पासून स्पॉटिफाय इलेव्हनलॅब्सच्या आवाजातली पुस्तकं घेतं. कंपन्यांचं म्हणणं असं की जी पुस्तकं कधीच ऑडिओत आली नसती ती आता येतील. यात तथ्य आहे. स्टुडिओचा खर्च न परवडणारे लेखक मराठीत तर ढिगाने आहेत.

पण मराठी एआय आवाज ऐकून बघा. 'जग' हा शब्द घ्या. 'सारं जग' मधला ज आणि 'तू मनासारखं जग' मधला ज वेगळा. लिहायला एकच, अर्थ कळल्याशिवाय बरोबर उच्चार होत नाही. 'चार' आणि 'चारा' यांतल्या च चंही तेच. आपण दुसरीतल्या पोरालाही हे समजावत नाही, त्याला येतंच. मशीन अजून इथे ठेचकाळतं. त्यात फँटसीतली बनवलेली नावं! ती कुठल्याच शब्दकोशात नसतात. माणूस लेखकाला फोन करून विचारतो. मशीन अंदाज बांधतं, आणि तेराव्या प्रकरणात वेगळाच अंदाज बांधायचीही शक्यता असते. ही अडचण दोनतीन वर्षांत कमी होईल असं मला वाटतं. फ्रायवाली अडचण मात्र तंत्रज्ञान सुधारेल तशी वाढणार आहे.

मग तुम्ही काय बघायचं?

पुस्तक घेण्याआधी निवेदकाचं नाव वाचा आणि नमुन्याची क्लिप ऐका. ऑडिबलवर एआयने वाचलेल्या पुस्तकावर 'व्हर्च्युअल व्हॉइस' असं लिहिलेलं असतं; जिथे निवेदकाचं नावच दिसत नाही तिथे शंका घ्यायला हरकत नाही.

दुसरं, तुम्ही पुस्तक विकत घेताय की भाड्याने, ते तपासा. ऑडिबलवर क्रेडिटने घेतलेलं पुस्तक सदस्यत्व बंद केलं तरी लायब्ररीत राहतं. स्टोरीटेलसारख्या 'हवं तेवढं ऐका' योजनेत पैसे भरणं थांबलं की ऐकणंही थांबतं. माझी एक मालिका अशीच एका अ‍ॅपवर तिसऱ्या भागाच्या ऐन लढाईत अडकली. कार्डाची मुदत संपली होती, लक्षातच आलं नाही! आणि 'विकत' घेतलेल्या फाइललाही कुलूप असतंच, ती दुसऱ्या अ‍ॅपमध्ये सहसा वाजत नाही. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून लोकांच्या किंडलवरून ऑरवेलचं '1984' परस्पर काढून टाकलं होतं. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच.

फुकट आणि बिनकुलुपाचं हवं असेल तर लिब्रिव्हॉक्स आहे. 2005 पासून स्वयंसेवक तिथे कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचतात. फ्रँक बॉमची 'ऑझ' मालिका तिथे मिळते. दर्जा वरखाली होतो, एखाद्या प्रकरणात मागे कुत्रं भुंकताना ऐकू येईल. पण एक जाणून ठेवा: तिथल्या निवेदकांनी आपलं रेकॉर्डिंग स्वतःहून सार्वजनिक मालकीत सोडलेलं असतं. म्हणजे एआयला शिकवायला ते वापरलं तरी त्यांना आडकाठी करता येत नाही. फ्रायने अशी सूट कुणालाच दिलेली नव्हती.