'बाईचा सांगाडा सापडला' या बातमीवर किती विसंबावं?

"डॉक्टर, कालव्याच्या कडेला बाईचा सांगाडा सापडलाय म्हणे. आमची तर नसेल ना?" घरातलं माणूस बेपत्ता असलं, की बारामती-इंदापूरकडे नीरा डावा कालवा किंवा उजनीच्या पाण्याची बातमी आली तरी नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. पण सांगाडा 'बाईचा' हे ठरतं कसं?

सगळ्यात जास्त सांगतं ते कमरेचं हाड, म्हणजे कटी. बाळंतपणासाठी बाईची कटी रुंद असते. पुढे दोन हाडं जुळतात तिथला कोन साधारण काटकोनाएवढा किंवा मोठा, पुरुषात अरुंद. कवटीत भुवयांवरचा उंचवटा आणि कानामागचं हाड बघतात. मांडीच्या हाडाचं खुब्यात बसणारं गोल टोक मिलिमीटरमध्ये मोजतात: साधारण 43 पेक्षा कमी असेल तर बाई, 47 पेक्षा जास्त असेल तर पुरुष. मधलं असेल तर सांगता येत नाही. शिवाय हे आकडे पाश्चात्त्य लोकांचे. आपल्याकडचा बारीक चणीचा पुरुष त्या मापाने बाई ठरू शकतो!

आम्ही एमबीबीएसला पाठ केलेलं गणित असं: नुसत्या कटीवरून 95 टक्के खात्री, नुसत्या हातापायांच्या लांब हाडांवरून 80. म्हणजे पाचातला एक अंदाज चुकायचा. वयात येण्याआधीच्या मुलांत तर मापांचा फारसा उपयोगच नाही. जानेवारी 2022 मध्ये वर्ध्याजवळ आर्वीत भ्रूणांच्या 11 कवट्या आणि 54 हाडं सापडली, तिथे मोजपट्टी काय सांगणार? अशा वेळी डीएनएच लागतो.

शीना बोरा प्रकरण आठवा. मे 2012 मध्ये रायगडच्या पेण तालुक्यात अवशेष मिळाले, ऑगस्ट 2015 मध्ये पोलिसांनी ती जागा पुन्हा उकरली. मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या तपासणीत हाडं स्त्रीची असल्याचं निघालं. पण ती शीनाचीच, हा सरकारी पक्षाचा दावा उभा आहे तो डीएनएवर, आणि बचाव पक्षाला तो मान्य नाही. 2024 मध्ये तर हाडं सापडत नाहीत असं न्यायालयात सांगितलं गेलं. नंतर ती सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात असल्याचं कळलं. माझ्या मते मापातल्या चुकीपेक्षा हा निष्काळजीपणा जास्त गंभीर आहे. हाडंच हाताशी नसतील तर फेरतपासणी कशाची करणार?

तेव्हा बातमीत 'बाईचा' वाचून सुतक धरू नका, आणि 'पुरुषाचा' वाचून निर्धास्तही होऊ नका. बेपत्ता व्यक्तीचे आई-वडील किंवा मुलं यांनी डीएनए नमुना देण्याची तयारी पोलिसांना लेखी कळवावी. जुने एक्स-रे, दातांच्या उपचाराचे कागद शोधून ठेवा. हाडात सळी किंवा प्लेट टाकली असेल, तर ऑपरेशनच्या फाइलमध्ये बहुधा तिच्या नंबराचं स्टिकर असतं. त्याची झेरॉक्स तक्रारीला जोडा, मूळ कागद घरीच ठेवा.