प्रतिबंधात्मक अंडाशय-उच्छेदन आणि शरीराचे वजन

प्रतिबंधात्मक अंडाशय-उच्छेदन म्हणजे कर्करोगाचा आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रीचे दोन्ही अंडाशय व बीजवाहिन्या रोग होण्यापूर्वीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होय. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत घातक उत्परिवर्तन असलेल्या स्त्रियांना ती प्रामुख्याने सुचवली जाते. शस्त्रक्रियेनंतर वजन वाढते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ नाही.

पार्श्वभूमी

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, वयाच्या ८० वर्षांपर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ टक्के, तर बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ टक्के असते. हा रोग प्रारंभीच ओळखणारी खात्रीशीर चाळणी चाचणी उपलब्ध नाही. त्यामुळे बीआरसीए-१ असल्यास साधारणतः ३५ ते ४० व बीआरसीए-२ असल्यास ४० ते ४५ या वयात, अपत्यप्राप्तीचा निर्णय पूर्ण झाल्यावर, शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. तिच्यामुळे या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. अमेरिकी अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी २०१५ साली आपल्या शस्त्रक्रियेची माहिती जाहीर केल्यानंतर हा विषय जगभर चर्चेत आला.

वजनावरील परिणाम

नैसर्गिक रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक काही वर्षांत हळूहळू कमी होते. शस्त्रक्रियेनंतर ते अचानक घटते. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर चरबी नितंब व मांड्यांऐवजी पोटाभोवती साठू लागते आणि स्नायूंचे प्रमाण घटते. म्हणून वजनकाटा स्थिर असतानाही शरीराची घडण बदललेली असू शकते. रात्रीचा घाम, अपुरी झोप व थकवा यांमुळे हालचाल मंदावते, हेही एक कारण आहे.

मात्र चाळिशीनंतर वजन वाढण्याची प्रवृत्ती शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांतही आढळते. वाढलेल्या प्रत्येक किलोग्रॅमचे कारण शस्त्रक्रियाच मानणे त्यामुळे योग्य ठरत नाही. अमेरिकेतील ‘स्वान’ या दीर्घकालीन पाहणीत, गर्भाशयासह दोन्ही अंडाशय काढलेल्या स्त्रियांत देहभार निर्देशांक नैसर्गिक रजोनिवृत्तीपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे दिसले. परंतु ती पाहणी उत्परिवर्तन असलेल्या स्त्रियांपुरती नव्हती. तिचे निष्कर्ष या गटाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

व्यवस्थापन

वजनासोबत कंबरेचा घेर मोजणे उपयुक्त ठरते. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ८० सेंमी ही धोक्याची मर्यादा मानली जाते. स्नायूंना ताण देणारे व्यायाम, पुरेशी प्रथिने, तसेच रक्तदाब, रक्तशर्करा व हाडांची घनता यांची नियमित तपासणी आवश्यक असते. स्तनांचा कर्करोग झालेला नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक उपचारांचा विचार केला जातो. या उपचारांमुळेच वजन वाढते, या समजाला सबळ आधार नाही.

पर्यायाचा शोध

अंडाशयाचे अनेक कर्करोग प्रत्यक्षात बीजवाहिनीत सुरू होतात, असे आढळून आले आहे. त्यामुळे प्रथम केवळ बीजवाहिन्या काढून अंडाशय काही वर्षांनी काढण्याच्या पद्धतीची चाचणी नेदरलँड्स, ब्रिटन व अमेरिकेत हाती घेण्यात आली. या पद्धतीत रजोनिवृत्ती लांबते. परंतु कर्करोगापासून तितकेच संरक्षण मिळते, हे सिद्ध होण्यास दीर्घ पाठपुरावा लागतो. वजनवाढीच्या भीतीने शस्त्रक्रिया पुढे ढकलणे आणि तिच्या परिणामांची कल्पना न देता ती करणे, या दोन्ही गोष्टी रुग्णहिताच्या नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या जनुकीय समुपदेशनात या विषयाचा समावेश महत्त्वाचा ठरतो.