पाडव्यापर्यंतचं बोला

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायऱ्यांवर गर्दी असते. कोऱ्या बुटांवरून नवे भिडू लगेच ओळखू येतात. एक टप्पा चढले की कमरेवर हात, आणि नजर देवळाकडे न जाता मनगटाकडे. वर्षानुवर्षं येणारे जुने लोक त्यांना हसून वाट करून देतात. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की पायऱ्या पुन्हा आपल्याच, हे त्यांना ठाऊक असतं. आरंभशूर म्हणून या नव्यांची चेष्टा करायची आपल्याकडे रीतच आहे. मला मात्र राग येतो तो त्यांनी मनगटावर बांधून आणलेल्या आकड्याचा.

दहा हजार पावलं. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आला असेल असं वाटतं ना? तसं नाही. टोकियोला १९६४ साली ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं आलं आणि १९६५मध्ये तिथल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल, लक्षात राहणारा, विकायला सोयीचा. पुढे २०१९मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सुमारे सतरा हजार वयस्कर अमेरिकी स्त्रियांची पावलं तपासली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे आणखी फरक दिसेनासा झाला. आता अशा पाहणीवरून केवळ चालण्यानंच आयुष्य वाढलं असं ठामपणे म्हणता येत नाही. पण दहा हजारांचा धाक बाळगायचं कारण नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

हे मी आमच्या मजल्यावरच्या काकूंना सांगायचा प्रयत्न केला. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे. मुलानं दिवाळीला घड्याळ दिलेलं. रात्री साडेदहाला जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या चालल्या होत्या.

"काकू, एवढ्या रात्री?"

"अडीच हजार राहिलीत गं."

"डॉक्टरांनी सांगितलंय का दहा हजार चाला म्हणून?"

"डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला जपा. हे मेलं घड्याळ ऐकत नाही."

आपले जानेवारीतले बेत बहुतेक शिक्षेसारखे असतात. साखर बंद, भात बंद, मैदा बंद. आणि तेही नेमके कोणत्या महिन्यात? भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हुरडा, गुळाची पोळी, सगळं एकाच वेळी दारात उभं असताना. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी डाएट करणाऱ्यांचा बराच अभ्यास केला. आपला नियम मोडला असं एकदा वाटलं, की ही मंडळी 'आता मोडलाच आहे तर' म्हणत आणखी खातात, असं त्यांना आढळलं. आपल्या घरातही हेच चालतं. संक्रांतीला अर्धी गुळाची पोळी खाल्ली जाते, मग दिवस गेलाच म्हणून तुपाची धार धरून अडीच, आणि दुसऱ्या दिवसापासून संकल्पाचं नावच निघत नाही.

माझी आत्या चातुर्मासात नेम धरायची. एका वर्षी रोज गोपद्मं काढायची, एका वर्षी वांगं सोडायचं, एका वर्षी जेवताना बोलायचं नाही (त्या वर्षी घर फार शांत होतं). नेम एकच, आषाढीला सुरू, कार्तिकीला संपला. ताप आला तर शेजारीण गोपद्मं काढून जायची आणि नेम मोडला असं कुणी म्हणत नसे. शेवटी रीतसर उद्यापन, सोडलेल्या वस्तूचं दान, आणि मग वांग्याचं भरीत. जन्मभर वांगं सोडा असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं सांगणाऱ्यालाच सोडलं असतं.

यात सगळंच गोड नव्हतं. तिची व्रतं नवऱ्यासाठी, मुलांसाठी असायची. अंगात रक्त कमी असतानाही उपास सुटले नाहीत, आणि तिच्या स्वतःच्या तब्येतीसाठी तिनं एकही नेम धरलेला मला आठवत नाही. म्हणून उपास तिथेच राहू द्यावेत. मुदत आणि शेजारीण या दोन गोष्टी मात्र उचलण्यासारख्या आहेत.

मुदतीसाठी गुढीपाडवा सोयीचा. एक जानेवारीपासून अडीच-तीन महिने मिळतात. सवय एकवीस दिवसांत लागते म्हणतात, पण लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्यानं त्यात फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये सलग दहा मिनिटं व्यायामाची अटही काढून टाकली. भाजी आणायला चालत गेलात, एक मजला जिन्यानं चढलात, तरी ते धरायचं.

हे सगळं पटलं, म्हणून घरात जाहीर केलं की यंदा प्रत्येकानं पाडव्यापर्यंतची एकच गोष्ट सांगायची. नवऱ्यानं रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचं कबूल केलं. लेकीनं आठवड्यातून दोनदा बस एक स्टॉप आधी सोडायचं ठरवलं. पोळ्यांच्या मावशी लाटता लाटता ऐकत होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "चालायचं नको ताई, बसायचं काहीतरी सांगा."

सहा घरं करतात त्या. सकाळी सातला निघायचं, सगळे जिने पायी, आणि दुपारचा डबा उघडायला साडेतीन वाजतात. त्यांच्या मनगटाला ते घड्याळ बांधलं असतं तर दुपारपर्यंतच शाबासकी देऊन दमलं असतं. चालण्याबद्दलचा आपला सगळा उपदेश ज्यांना दिवसभर बसायला मिळतं त्यांच्यासाठी आहे, हे या सदरात मीही फारसं लिहिलेलं नाही.

तर ठरलं ते असं. एक वाजता आमच्याकडे पोळ्या झाल्या की मावशींनी टेबलाशी बसून डबा खायचा, मगच पुढच्या घरी जायचं. पुढचं घर म्हणजे पॅसेजमधल्या काकू. त्यांनी पोळ्या अर्धा तास उशिरा चालतील असं कळवलं. मावशींची एकच अट होती, जेवताना समोर सिरियल हवी. शांतपणे, घासाकडे लक्ष देऊन जेवावं असं मी सुरू केलं होतं. त्यांनी रिमोट मागितला.