औवा औवा, पण रड कुठे गेली?

राजकमल चौकात वरात अडली की बँडवाला 'औवा औवा' काढतो आणि आपली ऑफिसवाली गँग टाय सैल करून सुरू! मिथुनचा 'डिस्को डान्सर', १९८२. बप्पी लाहिरी आणि उषा उथुप. सगळ्यांना पाठ. पण बॉस, चाल लंडनची आहे. 'बगल्स' नावाच्या न्यू वेव्ह जोडीच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'ची. ते 'औवा औवा'सुद्धा तिथल्या पोरींच्या कोरसमधलंच.

ट्रेव्हर हॉर्न, जेफ डाउन्स आणि ब्रूस वूली यांचं हे गाणं १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये नंबर वन झालं. टीव्ही आला नि रेडिओवरचा गायक संपला, ही त्यातली रड. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला, तो याच व्हिडिओनं. (त्यात सिंथेसायझरवर क्षणभर दिसणारा पोरगा म्हणजे 'इंटरस्टेलर'वाला हान्स झिमर!)

बप्पीदांनी चाल उचलली, रड तिथंच ठेवली. चोरी ती चोरीच, त्यात मी वकिली करणार नाही. पण १९७९ मध्ये अकोल्यात घरोघरी टीव्ही होता कुठे? रेडिओ मेला म्हटलं असतं तर आजोबा म्हणाले असते, "काहून बे, मंग हे काय वाजून राह्यलं?" आपल्याकडे त्या गाण्यावर नाचच शक्य होता.

मूळ गाणं एकदा हेडफोन लावून ऐकाच. हॉर्नचा आवाज मुद्दाम दाबलाय, जुन्या रेडिओतून आल्यासारखा.