गोदाकाठचे विस्मृत प्रबोधन

प्रबोधन म्हटले की मराठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर इटली उभी राहते. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडले, ग्रीक हस्तलिखिते घेऊन पंडित पश्चिमेकडे गेले, फ्लॉरेन्समध्ये जुन्या विद्येचा उदय झाला आणि मध्ययुगाचा अंधार सरला! पिढ्यान् पिढ्या घोकलेला हा पाठ खोटा नाही. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या मौनाचा. त्याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : सुलतानांच्या लढाया, दुष्काळ आणि टाळकुटेपणा. वास्तविक पाहता ज्या कसोटीवर युरोपचे प्रबोधन तोलले जाते, त्याच कसोटीवर गोदावरीचा काठही तोलला गेला पाहिजे.

ती कसोटी कोणती? जुना ग्रंथ शोधणे, त्याच्या प्रती ताडून पाहणे, चुकीचे पाठ काढून टाकणे आणि मग तो नव्याने वाचणे. लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये केवळ भाषेच्या पुराव्यावर पोपच्या सत्तेचे एक दानपत्र बनावट ठरविले. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक ‘नवा करार’ संपादून छापला. यांची नावे आपल्या विद्वानांना मुखोद्गत असतात. पण शके १५०६, म्हणजे १५८४ साली पैठणला एकनाथांनी काय केले? ज्ञानेश्वरीला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. लेखकागणिक पाठ बिघडले होते. नाथांनी ते शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली, कार्य पुरे झाल्याचा शक नोंदविला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी स्पष्ट ताकीद दिली. हे ग्रंथसंपादन नव्हे तर दुसरे काय? गाढवाला गंगाजल पाजणारे, वाळवंटातले पोरके मूल कडेवर घेणारे नाथ आपल्या कीर्तनात आहेत, ते असलेच पाहिजेत. परंतु पोथ्यांपुढे बसून पाठ निवडणारे नाथ कीर्तनातही फारसे येत नाहीत आणि अभ्यासक्रमातही नाहीत.

नाथांचे उदाहरण एकटे नाही. त्याच पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला गेले. १५१३ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र नारायणभट्ट काशीच्या पंडितसभेचे अग्रणी झाले. प्रयाग, काशी व गया या तीर्थांवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रमाणग्रंथ त्यांचा. विश्वेश्वराचे मंदिर तोडरमलाच्या साहाय्याने पुन्हा उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. त्यांचे नातू कमलाकरभट्ट. त्यांचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ आजही व्रत-तिथीचा वाद पडला की उघडावा लागतो. आणि कमलाकरांचे पुतणे म्हणजे गागाभट्ट! १६७४ मध्ये रायगडावर जो राज्याभिषेक झाला, त्याच्या विधीमागे एका घराण्याचे दीडशे वर्षांचे अध्ययन उभे होते. सिंहासन आणि ग्रंथालय यांचे हे नाते ‘राज्यव्यवहारकोशा’तही दिसते. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश शिवछत्रपतींच्या आज्ञेनेच सिद्ध झाला.

नाशिकहून गोदावरी खाली वाहत जाते, तिच्या काठी कोपरगाव आहे. नीलकंठ चतुर्धर तिथले. काशीत बसून या मराठी पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात महाभारतावर ‘भारतभावदीप’ टीका लिहिली. निरनिराळ्या प्रांतांतील अनेक प्रती गोळा करून उत्तम पाठ निवडल्याचे तो आरंभीच सांगतो. गोदातीरीचेच कवींद्राचार्य सरस्वती. त्यांनी शाहजहानच्या दरबारात शब्द टाकून काशी-प्रयागचा यात्राकर उठविला आणि काशीत प्रचंड ग्रंथसंग्रह जमविला.

शेल्डन पोलॉक या अमेरिकी पंडिताने २००१ मध्ये ‘संस्कृतचा मृत्यू’ या विषयावर निबंध लिहिला. आपल्याकडील पुरोगाम्यांनी तो मृत्यूच्या दाखल्यासारखा जवळ बाळगला. पण त्याच वर्षी त्याच पोलॉकने सतराव्या शतकातील भारताच्या ‘नव्या’ विचारवंतांवर दुसरा निबंध लिहिला आणि त्या काळच्या संस्कृत पंडितांत नावीन्याची जाणीव होती हे दाखविले. त्या दुसऱ्या निबंधाचा उल्लेख करण्याचे कष्ट कोण घेतो?

मात्र, सगळे खापर परक्यांवर फोडणेही प्रामाणिकपणाचे नाही. १६६९ मध्ये औरंगजेबाने विश्वेश्वराचे मंदिर पाडले, हे खरेच. पण १५५६ मध्ये गोव्यात आलेल्या छापखान्याकडे आपल्या पंडितांनी पाठ फिरविली, ती कोणाच्या फर्मानामुळे नव्हे. इरॅस्मसचे संपादन त्याच्या हयातीत छापून युरोपभर गेले. नीलकंठाची टीका मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून बाहेर पडली ती एकोणिसाव्या शतकात. तोवर ती विद्या मूठभर घरांतच राहिली. नाथ मराठीत लिहिते झाले नसते, तर सामान्य जनांच्या वाट्याला काय आले असते?

आज ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ हा व्याख्यानमालांचा लाडका विषय आहे. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होते, आणि घरच्या माळ्यावरील रुमालात बांधलेली पोथी तशीच राहते. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदीचे लक्ष्य ठेवले गेले. दिल्लीने योजना आखली तरी जुन्या नाशकातील वाड्यांचे जिने दिल्ली चढणार नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्ते यांची चर्चा गावभर आहे; पोथ्यांची चर्चा कुठे आहे? वाडा पाडायला निघाला की सागवानाला भाव मिळतो, पोथ्या रद्दीत किंवा श्रद्धेने गोदेच्या पात्रात जातात. पंचवटीपासून त्र्यंबकेश्वरापर्यंतच्या घरांतून ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव, शक आणि पानांची संख्या एवढीच यादी करायला पदवी लागत नाही. संघटित तरुणांची एक तुकडी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा विश्वास पुरतो.

कवींद्राचार्यांच्या संग्रहाची अशीच एक यादी उरली. १९२१ मध्ये ती बडोद्याहून छापली गेली, तीत २,१९२ नोंदी आहेत. संग्रह केव्हाच पांगला. पण त्यातली पोथी बिकानेरसारख्या दूरच्या भांडारात सापडली, तरी तिच्यावर शाईने लिहिलेल्या त्यांच्या नावाच्या एका ओळीवरून ती आजही ओळखता येते.