वाइन, चीज आणि सायक्लिन

कॉन्फरन्स म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात बिल्ला, हातात फुकटची पिशवी, गारठवणारा एसी आणि पस्तिसाव्या स्लाइडला हमखास लागणारी डुलकी. ब्रेक झाला की आपण आपल्याच ऑफिसच्या टोळक्यात उभे राहून समोसे संपवतो, ओळखीच्या दोन चेहऱ्यांना 'हाय' करतो आणि याला नेटवर्किंग म्हणतो.

खऱ्या नेटवर्किंगचा माझा लाडका किस्सा मात्र पेशींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा आहे. (थांबा, पान उलटू नका! यात पार्टीसुद्धा आहे.)

साल १९८२. स्थळ अमेरिकेतलं वुड्स होल. टिम हंट हे इंग्लिश शास्त्रज्ञ तिथल्या सागरी प्रयोगशाळेत सी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाची अंडी तपासत होते. फलित अंड्यात बाकीची प्रथिनं वाढत होती. एक प्रथिन मात्र वाढायचं आणि पेशीचे दोन भाग होण्याच्या सुमाराला चक्क गायब! पुन्हा वाढ, पुन्हा गायब. थोडक्यात, आपल्या सॅलरी अकाउंटसारखं. त्याचं नाव पुढे पडलं सायक्लिन.

हे काय गौडबंगाल आहे, हे हंट यांना कळेना. मग वाइन-चीजच्या एका पार्टीत त्यांची गाठ पडली जॉन गेरहार्ट यांच्याशी. हे गृहस्थ बेडकाच्या अंड्यांवर काम करणारे. पेशीला विभाजनाकडे ढकलणारा एक घटक बेडकाच्या अंड्यात असतो, हे योशियो मासुई यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं. तो नेमका कशाचा बनलाय, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. गप्पांत कळलं, की त्याचा जोरही असाच चढतो आणि उतरतो. दोन अर्धवट गोष्टी एकमेकींना भेटल्या!

तिकडे सिएटलमध्ये लेलंड हार्टवेल पाव फुगवणाऱ्या यीस्टमधून पेशीचक्राची जनुकं हुडकत होते. ब्रिटनमध्ये पॉल नर्स दुसऱ्याच जातीच्या यीस्टमध्ये रमले होते. १९८७ मध्ये नर्स यांच्या टीमने माणसाचं जनुक वापरून यीस्टमधल्या बिघडलेल्या जनुकाची उणीव भरून काढली. आपण आणि यीस्ट, मशीन तेच! १९९० पर्यंत उलगडा झाला, की बेडकाच्या अंड्यातला तो गूढ घटक म्हणजे नर्स यांचं प्रथिन अधिक सायक्लिन, अशी जोडगोळी. १९९१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरची प्रतिष्ठेची वार्षिक परिषद अख्खी पेशीचक्रावरच भरली. २००१ चं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना मिळून मिळालं.

"बरं मग, आपल्याला काय त्याचं?" असं तुम्ही म्हणाल. माझ्यापुरतं उत्तर माझ्या मावशीच्या औषधांच्या डबीत आहे. तिला स्तनाचा कॅन्सर आहे, पसरलेला. ती पाल्बोसिक्लिब घेते. २१ दिवस रोज, मग ७ दिवस सुट्टी. अमेरिकेत या औषधाला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. सायक्लिनच्या जोडीने पेशीला पुढे ढकलणाऱ्या दोन प्रथिनांना ते अडवतं. ते सगळ्यांना चालत नाही, आजार मुळापासून उपटतही नाही. पण वाढीला लगाम घालून वेळ मिळवून देतं. आणि वेळ किती महाग असतो, ते आमच्या घरात आता सगळ्यांना कळलंय.

म्हणून सांगतो, पुढच्या कॉन्फरन्सला टोळकं सोडा. ज्याचं काम तुमच्या कामाशी शून्य मिळतंजुळतं वाटतं, त्याच्याशेजारी कॉफी घेऊन उभे राहा. आणि "आमचा प्रोजेक्ट एकदम सॉल्लिड चाललाय" ही टेप वाजवू नका. जे जमत नाहीये, कळत नाहीये, ते सांगा. हंट यांच्याकडे त्या संध्याकाळी सांगण्यासारखं यश नव्हतं, एक न सुटलेलं कोडं होतं. समोरच्याच्या खिशात त्याचा दुसरा तुकडा निघाला.

मावशीला हा किस्सा सांगितला, तेव्हा तिने गोळी घेतली, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हणजे पार्ट्यांना जाणारे सगळेच काही वाया जात नाहीत तर!"