चालते ना!

वऱ्हाडात एक शब्द असा आहे की त्याच्यापुढे वेद, विज्ञान आणि व्हाऊचर तिघेही हात टेकतात. तो शब्द म्हणजे ‘चालते!’ नळाची तोटी गळते? चालते. पंखा कण्हतो? चालते. चिरंजीव तिसऱ्यांदा बारावीला बसलेत? तेही चालते. पुण्याचा माणूस ‘चालेल’ म्हणतो, तेव्हा त्यात निदान भविष्यकाळ असतो. म्हणजे विचार बदलायला थोडी सवड असते. आमचं ‘चालते’ वर्तमानकाळातलं आणि अंतिम. त्यावर वरच्या कोर्टात अपील नाही.

हा शब्द आमच्या मातीतला आहे, गोड आहे, आणि कर्जाचा हप्ता थकलेल्या माणसाला तो जगायला बळ देतो हे मी रोज काउंटरच्या अलीकडून पाहतो. माझं भांडण त्या शब्दाशी नाही. तो जुन्या मोटारसायकलला लावला जातो, त्याच्याशी आहे.

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघाला तेव्हा त्याच्या वाट्याला सहा तालुके आणि ‘एमएच ३७’ हा नंबर आला. या नंबरच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या जुन्या, लांब पल्ल्याच्या गाड्या सध्या आमच्या तरुण मंडळींच्या गळ्यातला ताईत झाल्या आहेत. २००२ साली निघालेली आणि २०२० साली बंद झालेली थंडरबर्ड म्हणा, २००५ साली आलेली अ‍ॅव्हेंजर म्हणा. पाय पुढे सोडून, पाठ मागे टेकून, हँडल असं धरायचं की जणू घरच्या झोपाळ्यावर बसूनच लोणारला निघालो आहोत. नवी घ्यायची तर खिसा फाटतो, म्हणून जुनी. यात वावगं काहीच नाही. जुनी गाडी घेणं हे मध्यमवर्गीयाचं प्रवासवर्णन आहे, फक्त त्याची दुसरी आवृत्ती.

जुनी गाडी विकणारा मात्र ती कधीच ‘गाडी’ म्हणून विकत नाही. तो चारित्र्य विकतो. “गुरुजीची गाडी हाय साहेब! चाळीसच्या वर नेली नाही त्यायनं कधी.” ऐकणारा विरघळतो. चाळीसच्या वर नेली नाही हे खरं असेल, पण गुरुजींची शाळा ज्या पांदणरस्त्यावर आहे तिथं चाळीसच्या वर गाडी नेणं परमेश्वरालाही शक्य नाही, हे तो सांगत नाही. दहा पावसाळे काळ्या मातीत लोळलेली ती चेन आणि सोयाबीनच्या मळणीचा दहा वर्षांचा भुसा पोटात घेऊन बसलेला तो एअर फिल्टर, यांच्या चारित्र्याबद्दल कुणी चौकशी करीत नाही. किक मारली, इंजिन बोललं, की गिऱ्हाईक खूश. चालते ना!

आणि मग सुरू होतो शृंगार. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात तिला काय काय लागतं याची यादी मी डोळ्यांनी पाहिली आहे. मोठा लेगगार्ड. त्यावर दोन दिवे, जे समोरच्याला आंधळं करतात आणि मालकाला काही दाखवीत नाहीत. टाकीवर कवटीचं चित्र. हँडलला रंगीत झुरमुळ्या. आणि सगळ्यात शेवटी तो सायलेन्सर, ज्यात ‘सायलेन्स’ औषधालाही नसतो. पाटणी चौकात एक गाडी सुरू झाली की पलीकडच्या गल्लीतलं तान्हं मूल दचकून उठतं. मोटार वाहन कायद्यात गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल करायला मनाई आहे, हे कलम कुणाला दाखवलं तर उत्तर ठरलेलं: चालते.

मी कॉमर्सचा माणूस. आमच्या शास्त्रात खर्चाचे दोन प्रकार शिकवतात: एक भांडवली, एक महसुली. नवी वस्तू जोडली तो भांडवली खर्च; असलेली वस्तू धड राहावी म्हणून केला तो महसुली. आमची मंडळी भांडवली खर्च वाजतगाजत करतात आणि महसुली खर्चाचं नाव काढलं की त्यांना दरिद्री आल्यासारखं होतं. लेगगार्डला तीन हजार हसत देणारा माणूस चेनच्या तेलाची बाटली घेताना जुन्या सोन्यासारखी घासाघीस करतो.

आमच्याच शास्त्रात ‘घसारा’ नावाचा एक सुंदर मराठी शब्द आहे. वस्तूची किंमत दरसाल ठरावीक टक्के उतरते, ते आम्ही वहीत लिहितो. पण ज्या कुणी हा शब्द घडवला त्याचं मला कौतुक वाटतं. घासणं, म्हणून घसारा. पुस्तकातला घसारा साहेबालाही थांबवता येत नाही; ३१ मार्च आला की तो पडणारच. गाडीतला घसारा मात्र तेलाच्या चार थेंबांशी वाटाघाटी करायला तयार असतो. इतका समजूतदार घसारा बँकेत मी पाहिलेला नाही.

यावर विद्वान दोन मुद्दे काढतात. पहिला: “आता गाड्या कॉम्प्युटरच्या झाल्या, आपल्याला काय समजते त्यातलं?” खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि इंधन मोजून देणारी यंत्रणा आली. पण मला सांगा, टायरमधल्या हवेला कॉम्प्युटर लागतो का? चेनला लागतो का? आणि तुम्ही घेतलेली गाडी तर २०२० च्या आधीची आहे, तिचा कार्ब्युरेटर जागच्या जागी आहे. कॉम्प्युटरच्या नावानं गळा काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

दुसरा मुद्दा: वेळ नाही. हा मुद्दा कोण काढतो, तर रविवारी सकाळी टपरीवर सलग तीन कट चहा पिऊन देशाचं परराष्ट्र धोरण ठरवणारा इसम. त्यातले दोन चहा वजा करा, तेवढ्या वेळात पुढची सगळी कामं होतात.

पहिली चेन. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा (बोटं दहाच असतात आणि बँकेत नोटा मोजायला सगळी लागतात), चाक हातानं फिरवा आणि रॉकेल नाहीतर चेनचा क्लीनर लावलेल्या ब्रशानं चेन घासा. पुसून कोरडी करा, मग नव्वद नंबरचं गिअर ऑईल थेंबथेंब सोडा. आमच्याकडे इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल चेनला ओतायची फार जुनी प्रथा आहे. त्या ऑईलमध्ये धातूचा चुरा असतो. म्हणजे जखमेवर मलम म्हणून काचकाम. खालच्या बाजूला चेन मधोमध वरखाली हलवून पाहा. बहुतेक गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर ढील लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ढिली चेन दात सोडते, ताणलेली चेन बेअरिंग खाते. संसारातही हेच आहे, पण ते पुस्तकात लिहिलेलं नसतं.

दुसरा एअर फिल्टर आणि त्याचा साक्षीदार प्लग. दसऱ्याच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात हवेत प्राणवायू कमी आणि सोयाबीनचं कुटार जास्त असतं. फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त. मालक म्हणतो, “अ‍ॅव्हरेज पडलं राजेहो, पंपवाला मापात मारते.” प्लग काढून पाहिला तर टोक कोळशासारखं काळं. प्लगचं टोक फिकट तपकिरी असलं की समजावं इंजिनाचं पोट साफ आहे. काळं म्हणजे अपचन, पांढरंफटक म्हणजे उपासमार. वैद्य नाडी पाहतो तसा हा प्लग पाहायचा. ज्या पिढीनं म्हैसूरची जावा आणि येझदी चालवली, त्या पिढीतल्या हेडक्लार्कलाही हे ठाऊक होतं. त्या गाडीची किक आणि गिअर एकाच दांडीवर. त्या काळचा माणूस सदऱ्याच्या खिशात पेन आणि पँटच्या खिशात जादा प्लग ठेवून सासुरवाडीला जाई. आता खिशात मोबाईल असतो. प्लग गेला की त्यावरून फोन करायचा, “हॅलो, गाडी बंद पडली.” प्रगती म्हणतात ती हीच.

तिसरी हवा. टायरचा दाब सकाळी, गाडी थंड असताना बघायचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. तापल्या टायरचा आकडा ताप आलेल्या माणसाच्या बडबडीसारखा, त्यावर भरवसा ठेवू नये. आणि टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात: ‘२३१९’ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. गुरुजींच्या चारित्र्यापेक्षा हा जन्मदाखला जास्त विश्वासाचा.

चौथं, इंजिन ऑईल. गाडी सरळ उभी करून पातळी बघा, साईड स्टँडवर तिरकी ठेवून नव्हे. कलत्या माणसाची उंची कुणी मोजतं का? बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी पुसा. क्लचची केबल वाळली असेल तर दोन थेंब सोडा. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवा. मधेच अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला समजा. झालं. याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, जुनी बनियन लागते. ती प्रत्येक मध्यमवर्गीय घरात मुबलक आहे.

मेकॅनिकचं पोट मारायला निघालो आहे असं कुणी समजू नये. इंजिन उघडायचं काम त्याचंच. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून आतली तक्रार ऐकणारा मेकॅनिक मी पाहिला आहे. एवढ्या आस्थेनं ग्राहकाचं ऐकणारा माणूस आमच्या खात्यात निघाला तर त्याचा पुतळा उभारू. पण आपल्याला काहीच ठाऊक नसलं की त्याच्या पोरालाही कंटाळा करायची मुभा मिळते. २००८ नंतरच्या थंडरबर्डच्या इंजिनात टॅपेट तेलाच्या दाबावर आपोआप जुळतात, हातानं जुळवायची सोयच नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या अशा गाडीच्या बिलात दर खेपेला ‘टॅपेट सेटिंग’ अशी ओळ असे, आणि तो पठ्ठ्या रक्कम भरून वर म्हणे, “आवाज सुधारला बरं का!” श्रद्धा असावी तर अशी.

इथवर हसण्यावारी गेलं. आता जे सांगायचं आहे ते हसण्यावारी नेऊ नका.

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईकडचा शेवटचा तुकडाही खुला झाला. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी आमच्याकडून जाते, आम्हाला घेऊन जात नाही. तेव्हा आमचा फटफटीवाला कारंज्याला गुरुमंदिरात जावो, पोहरादेवीच्या यात्रेला जावो, शिरपूरला जावो, की पातूरचा घाट उतरून अकोल्याला जावो, त्याला जुनेच रस्ते. त्या रस्त्यांवर संध्याकाळी सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली उभी असते. मागे दिवा नाही, लाल कागद नाही. ट्रॅक्टरवालाही त्याच धर्माचा: चालते.

ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसली, मेंदूनं हुकूम दिला, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात तो सेकंद संपतो. त्यानंतर सगळा कारभार ब्रेकच्या लायनरवर. मागे बायको बसलेली, मधे पोरगं, आणि लायनर गुरुजींच्या काळातलं. डिस्क ब्रेक असेल तर त्यातलं तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोनेक वर्षांनी ते बदलावं लागतं. किती जणांनी बदललं? झुरमुळ्या मात्र दर दिवाळीला बदलतात. लायनरची जोडी, ब्रेकचं तेल, केबल, सगळं धरून त्या कवटीच्या चित्राएवढाही खर्च येत नाही. कवटी टाकीवर काढायची हौस असेल तर जरूर काढा, पण ती तिथंच राहील एवढी व्यवस्था करा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जुनी गाडी घेताना आणि घेतल्यावरही आपण मुळात प्रश्नच चुकीचा विचारतो. ‘चालते ना?’ हा प्रश्न नव्हेच. आमच्या देशात सगळंच चालतं. गाडीला विचारायचं ते ‘थांबते का?’

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. त्यांनी वर्षाचा एक दिवस हत्यारं पुसायला राखून ठेवला आणि त्याला खंडेनवमी म्हटलं. तलवार असो की विळा, आधी घासायची, धार बघायची, मग हळदकुंकू. आपण घासणं सोडलं, हळदकुंकू ठेवलं. चिखलाळलेल्या चेनवर झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू फोडतो. लिंबाची भीती अपघाताला वाटत असती तर विमा कंपन्यांनी लिंबाचे मळे लावले असते. येत्या खंडेनवमीला हार जरूर घाला, पण आधी ब्रश आणि पाना घ्या, आणि रिकाम्या रस्त्यावर एकदा ब्रेक दाबून बघा. गाडी जागच्या जागी उभी राहिली, तर समजा पूजा पावली.